आधी धरू द्या, मग सोडा

आमच्या वसईला चढ नाही. हे वाक्य लिहिताना जीवदानीचा डोंगर आणि तुंगारेश्वर डोळ्यांसमोर येतात, पण ते पायांनी आणि श्रद्धेने चढायचे. मोटारीच्या चाकाखाली येणारी जमीन मात्र तळहातासारखी सपाट. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे मिठागरं, केळीच्या वाड्या, आणि आता या सगळ्यांना खेटून उभ्या राहिलेल्या इमारती. 2018 च्या जुलैत धो धो पाऊस कोसळला तेव्हा पाण्यालासुद्धा इथे उतार सापडेना; ते बिचारं आमच्याच दारात मुक्कामाला राहिलं. अशा गावात चढावर गाडी उचलायची परीक्षा माणसाला एकाच ठिकाणी द्यावी लागते, रेल्वेवरच्या उड्डाणपुलावर. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मी त्या परीक्षेत नापास झालो.

गेल्या जूनमधली गोष्ट. शाळा सुरू होऊन चार-पाच दिवस झाले होते. गाडी नवी कोरी, घरी येऊन जेमतेम पंधरवडा झालेला. सकाळी मी अंबाडीच्या पुलावरून पश्चिमेला येत होतो आणि पुलाचा माथा यायच्या जरा अलीकडे, बरोबर चढावर, वाहतूक थांबली. मी क्लच दाबला, ब्रेक दाबला आणि पस्तीस वर्षांच्या सवयीने माझा डावा हात हँडब्रेककडे गेला. तिथे हँडब्रेक नव्हता. तिथे पाण्याच्या बाटल्या ठेवायचे दोन गोल खळगे होते आणि त्यांच्या बाजूला अंगठ्याएवढं एक बटण.

हे बटण म्हणजेच हँडब्रेक, हे मला विक्रेत्याने सांगितलं होतं. वर ओढलं की ब्रेक लागतो, खाली दाबलं की सुटतो. मी वर ओढलं. मागून कुठूनतरी ‘घर्र’ असा बारीक आवाज आला, समोर लाल दिवा लागला. छान. पुढची रिक्षा हलली. मी पहिला गिअर टाकला, पाय ब्रेकवर होताच, बटण खाली दाबलं. लाल दिवा गेला. तो खरंच गेला ना, हे मी नीट पाहून घेतलं. मग पाय ब्रेकवरून उचलून अ‍ॅक्सिलरेटरकडे नेला. एवढ्यात गाडी मागे आली.

फार नाही, हात-दीड हात. पण मागे एक स्कूटर होती. ‘टक्’ असा आवाज झाला. आरशात पाहिलं तर स्कूटर एका अंगाला कललेली आणि एक तरुण बाई एक पाय रस्त्यावर रोवून तिला सगळ्या ताकदीनिशी सावरत होत्या. त्यांच्या मागे बसलेला गणवेशातला सात-आठ वर्षांचा मुलगा त्यांच्या कमरेला घट्ट मिठी मारून होता. त्याच्या खांद्यावरची हिरवी पाण्याची बाटली निसटली आणि पुलाच्या उतारावरून, रिक्षा-मोटारसायकलींच्या मधून, गडगडत खाली निघाली.

मी उतरलो. कोणाला लागलं नव्हतं. ‘चुकलो’ म्हणालो. त्या बाई चिडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. कपाळावरचा घाम पुसत म्हणाल्या, ‘‘काका, झेपत नसेल तर मुलांना चालवायला सांगा ना.’’ मी काही न बोलता उतारावर पळत गेलो. खालच्या एका रिक्षावाल्याने पुढचं चाक आडवं करून बाटली अडवली होती. ती घेऊन मी धापा टाकत वर आलो आणि त्या मुलाच्या हातात दिली. मागे भोंग्यांचा नुसता कल्लोळ चालला होता. तो मुलगा माझ्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. मोठ्या माणसाची गाडी मागे येऊ शकते, हे त्याला त्या दिवशी कळलं होतं.

घरी येऊन मी ‘पुलावर फार गर्दी होती’ एवढंच सांगितलं. पुढे तीन आठवडे गाडी बाहेर काढली नाही. पेट्रोल महाग झालंय, पाऊस आहे, रिक्षा काय वाईट आहे, अशी कारणं मी देत राहिलो. आमच्या घरात एकदा कारणं सांगायला लागलं की काहीतरी लपवलंय हे हिला लगेच कळतं. हिने पुण्याला मुलीला फोन केला.

मुलगी पुढच्या शनिवारी आली. गाडी घेताना तिचं म्हणणं होतं की आता गिअर बदलायची कटकट नसलेली स्वयंचलित गाडी घ्यावी. मीच अडून बसलो होतो. ‘पायांत जीव आहे तोवर क्लच मी दाबणार,’ असं एक भारदस्त वाक्यही मी तिला ऐकवलं होतं. शिवाय दोन्ही गाड्यांच्या किमतीत फरक होता, आणि तो फरक मुदतठेवीत ठेवला तर काय होईल हे निवृत्त बँक अधिकाऱ्याला गणित न मांडताही दिसतं. ते वाक्य ती विसरली नव्हती, पण तिने आठवण काढली नाही. म्हणाली, ‘‘बाबा, गाडीबरोबर आलेलं पुस्तक वाचलंत?’’

आयुष्यभर मी मुख्य कार्यालयाची परिपत्रकं शेवटच्या स्वल्पविरामापर्यंत वाचली; पण मोटारीचं पुस्तक वाचायचं असतं हे मला मान्य नव्हतं. मोटार हाताला कळते, अशी माझी समजूत. ही समजूत मला कोणी दिली, ते सांगायला हवं.

1988 मध्ये माझी बदली जव्हार भागातल्या शाखेत झाली. तेव्हा तो ठाणे जिल्हाच. पालघर जिल्हा झाला तो पुढे 1 ऑगस्ट 2014 ला. शेतीकर्जाच्या कामासाठी पाड्यापाड्यांवर जायला भाड्याची जीप असे. तिचे चालक एक पोक्त गृहस्थ होते, त्यांना सगळे मामा म्हणत. विक्रमगडकडून जव्हारला चढताना घाटात एखादी बैलगाडी किंवा मालमोटार आडवी आली की जीप चढावर थांबायची. मग मागे बसलेला पोरगा उडी मारून चाकामागे लाकडी ठोकळा लावायचा. ठोकळा नसला तर दगड. मामा शांतपणे क्लच अर्धा सोडायचे, इंजिनाचा आवाज जरा जड व्हायचा, जीपचं नाक किंचित वर यायचं आणि मगच ते हँडब्रेकची दांडी खाली करायचे. जीप इंचभरही मागे न येता पुढे सरकायची.

मी त्यांच्याकडूनच गाडी शिकलो. पहिल्या दिवशी मी घाबरून ब्रेक आधी सोडला आणि ठोकळ्यावर चाक आदळलं. मामा म्हणाले, ‘‘साहेब, घाई नको. गाडीला आधी धरू द्या, मंग आपण सोडा.’’

आधी धरू द्या, मग सोडा. चढावर गाडी उचलण्याचं सगळं शास्त्र या पाच शब्दांत आहे. बाकी सगळा तपशील.

तो तपशीलही सांगतो, कारण आपल्यापैकी पुष्कळजण तो न समजता गाडी चालवतात. वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर जाणारा चढ घ्या. त्यावर बाराशे किलोची गाडी उभी केली तर साठ किलोच्या ओझ्याइतका जोर तिला सतत मागे खेचत असतो. म्हणजे एक धट्टाकट्टा माणूस गाडीच्या पाठीला लोंबकळलाय असं समजा. चढ दहात एक असेल तर दोन माणसं. ब्रेक लावलेला असतो तोवर हा भार ब्रेक सांभाळतो. निघताना तोच भार इंजिनाने आपल्या अंगावर घ्यायचा असतो. ब्रेकने सोडलं आणि इंजिनाने अजून घेतलं नाही, अशी मधली जी फट असते, तिच्यात गाडी मागे येते. पंचाईत अशी की पाय दोन आणि पायाखालची पेडलं तीन. उजवा पाय ब्रेकवर असला तर अ‍ॅक्सिलरेटरवर नसतो. म्हणून तिसरा पाय लागतो, आणि तो तिसरा पाय म्हणजे हँडब्रेक.

बँकेत याला आम्ही ‘चार्ज देणं’ म्हणायचो. तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक व्यवस्थापकाकडे आणि दुसरी रोखपालाकडे. दोघं एकत्र आल्याशिवाय ती उघडत नाही. बदली झाली की जाणाऱ्याने येणाऱ्यासमोर रोकड मोजायची, किल्ली त्याच्या हातात द्यायची, नोंदवहीत त्याची सही घ्यायची आणि मगच खुर्चीवरून उठायचं. ‘तुम्ही या सावकाश, मी निघतो’ हा प्रकार तिथे चालत नाही. सही होण्याआधी उठलात तर मधल्या दहा मिनिटांत जे होईल ते तुमच्या नावावर. चढावरची गाडी हीसुद्धा एक तिजोरीच आहे, आणि क्लचने सही केल्याशिवाय ब्रेकने उठायचं नाही.

आपल्या कायद्यालाही हे ठाऊक आहे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला पंधरावा नियम परवान्याच्या परीक्षेबद्दल आहे. उमेदवाराला काय काय यायला हवं याची जी यादी त्यात आहे, तिच्यात तीव्र चढावर थांबून, हँडब्रेकचा किंवा अ‍ॅक्सिलरेटर आणि पायब्रेकचा नीट उपयोग करून, मागे न घरंगळता पुन्हा निघणं हेही आहे. मी परवाना काढला तेव्हा ज्या मैदानात परीक्षा झाली तिथे मात्र चढच नव्हता. माझी परीक्षा मामांनी आधीच घेतली होती म्हणून निभावलं.

घाटातल्या आगगाडीचीही हीच कथा. कर्जत-लोणावळा आणि कसारा-इगतपुरी या दोन्ही घाटांत रुळांना सदतीस फुटांत एक फूट असा चढ आहे. रेल्वेच्या हिशेबात तो फार मोठा. म्हणून तिथे गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं जोडतात, आणि त्या इंजिनांना ‘बँकर’ म्हणतात. आपण नसलो तर पुढचा मागे येईल, अशा बेताने पाठीशी उभं राहायचं आणि चढ संपला की गुपचूप सुटं व्हायचं. कसाऱ्याला गाडी थांबली की मी सहप्रवाशांना अभिमानाने सांगत असे, ‘आता आमचा माणूस जोडणार!’

तर अशी सगळी विद्या गाठीला असताना मी अंबाडीच्या पुलावर नापास का झालो? याचं उत्तर त्या जाडजूड पुस्तकात होतं. रविवारी सकाळी चष्मा लावून मी ते वाचायला बसलो आणि तासाभराने माझ्या लक्षात आलं की मी चूक केली ती अज्ञानामुळे नाही, जुन्या ज्ञानामुळे केली.

जुन्या हँडब्रेकला एक दांडी असते, दांडीला तार, आणि ती तार मागच्या चाकांपर्यंत जाते. दांडी वर ओढताना येणारा ‘कट् कट् कट्’ हा आवाज दात्यांचा. हाताच्या जोराने तार ताणली जाते आणि चाकं आवळली जातात. पुष्कळ नव्या गाड्यांत ही तारच नाही. मागच्या प्रत्येक चाकापाशी ब्रेकवर एक छोटी विजेची मोटर बसवलेली असते. बटण ओढलं की ती मोटर फिरते, दात्यांच्या चाकांमधून तिचा जोर वाढतो, एक स्क्रू पुढे सरकतो आणि ब्रेकचे पॅड तबकडीवर दाबून बसवतो. तो ‘घर्र’ आवाज तिचा. युरोपातल्या महागड्या गाड्यांत ही सोय 2001 च्या सुमारास आली आणि हळूहळू मध्यमवर्गाच्या गाड्यांपर्यंत उतरली.

आता गोम इथे आहे. जुनी दांडी हाताने खाली करताना उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर असायचा. नवं बटण हाताने सोडायचं असेल तर बहुतेक गाड्यांत पाय ब्रेकवर असावाच लागतो, नाहीतर ते सुटत नाही. कोणा पोराने खेळता खेळता दाबलं तर गाडी उताराला लागू नये, म्हणून ही काळजी. म्हणजे मी बटण दाबलं, यंत्राने माझा पाय ब्रेकवर आहे हे पाहिलं आणि मुकाट्याने हँडब्रेक सोडून दिला. माझा तिसरा पाय मीच काढून टाकला! उरले दोन पाय आणि तीन पेडलं.

तरीही त्या गाडीने मला एक संधी दिली होती. चढावर पायब्रेक सोडल्यावर ती साधारण दोन सेकंद ब्रेकमधला दाब तसाच धरून ठेवते, तेवढ्यात माणसाने निघावं म्हणून. ही कल्पना नवीही नाही. अमेरिकेतल्या स्टुडबेकर कंपनीने 1936 मध्येच आपल्या मोटारीत तशी सोय दिली होती. ब्रेकच्या तेलाच्या वाटेत एक गोळी असे. चढावर गाडी थांबली की ती घरंगळून वाट बंद करी आणि क्लच वर येईपर्यंत ब्रेक धरून ठेवी. साध्या गोळीने केलेलं काम. माझ्या गाडीत ते काम संगणक करतो, आणि तो दोन सेकंदं मोजतो. मला ती दोन सेकंदं ठाऊकच नव्हती. लाल दिवा गेला का, याची खात्री करून पाय सावकाश हलवण्यात मी ती खर्च करून टाकली.

मग बरोबर रीत कोणती? पुस्तकात ती चार ओळींत होती. सीटचा पट्टा लावलेला हवा, चालकाचं दार बंद हवं. हँडब्रेक लागलेला असू द्यावा. पहिला गिअर टाकावा, अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबावा, क्लच अर्ध्यावर आणावा. बटणाला हात लावू नये. चढ किती आहे, क्लच कुठवर आला, इंजिन किती जोर लावतंय, हे सगळं गाडी पाहत असते. इंजिनाने भार घेतला अशी तिची खात्री झाली की ती हँडब्रेक आपला आपण सोडते. पट्टा लावलेला नसेल तर मात्र सोडत नाही. मग माणूस अ‍ॅक्सिलरेटर दाबत बसतो आणि क्लचचा जळका वास येतो.

म्हणजे मामांचाच नियम. आधी धरू द्या, मग सोडा. फक्त ‘आपण सोडा’ यातला ‘आपण’ गळला.

त्या दिवशी दुपारी मुलगी मला आमच्या इमारतीच्या पार्किंगच्या उतारावर घेऊन गेली. पार्किंग पहिल्या मजल्यावर आहे आणि तिथे जायचा सिमेंटचा चढ उड्डाणपुलापेक्षा दुप्पट उभा. मागे कोणी येऊ नये म्हणून तिने वॉचमनला खाली उभं केलं. तो हुशार माणूस. आपण होऊन एक मोठा सिमेंटचा ठोकळा घेऊन आला आणि मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर ठेवून म्हणाला, ‘‘साहेब, असू द्या.’’ मला जव्हारचा घाट आठवला.

पहिल्या वेळी हात बटणाकडे गेला. दुसऱ्या वेळीही. तिसऱ्या वेळी मुलीने माझा डावा हात धरला आणि अलगद माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाली, ‘‘बाबा, हाताचं काम संपलंय. आता फक्त ऐका.’’

लहानपणी याच हाताने मी तिच्या सायकलची सीट धरून मागून पळायचो. कधी सोडायचं ते मला कळायचं नाही. एकदा तिच्या आईने ओरडून सांगितलं, ‘‘अहो, ती केव्हाची एकटी चालवतेय, तुम्ही उगाच पळताय!’’ धरायला मी पटकन शिकतो. सोडायला मला वेळ लागतो. निवृत्त झालो तेव्हासुद्धा चार्ज दिल्यावर आठवडाभर मी ‘सहज’ शाखेत जाऊन येत होतो. सातव्या दिवशी नव्या व्यवस्थापकांनी चहा मागवला आणि फार नम्रपणे विचारलं, ‘‘सर, काही राहिलंय का?’’ त्यानंतर मी गेलो नाही.

मी हात मांडीवर ठेवला. क्लच हळूहळू वर आणला. इंजिनाचा आवाज जड झाला. गाडीचं नाक अगदी बोटभर वर आलं. आणि मग, मी काही न करता, मागून ‘घर्र’ आवाज आला, लाल दिवा गेला आणि गाडी पुढे सरकली. वॉचमनचा ठोकळा होता तिथेच राहिला. आम्ही तो चढ त्या दिवशी अठरा वेळा चढलो. खिडक्यांतून बघणाऱ्या बिऱ्हाडकरूंनी काय समजायचं ते समजून घेतलं असणार.

वाचकांपैकी कोणाच्या घरी अशी गाडी आली असेल तर दोन गोष्टी सांगून ठेवतो. प्रत्येक गाडीची रीत थोडी वेगळी असते; तुमच्या गाडीचा ब्रेक आपोआप सुटतो की नाही हे पुस्तकात पाहून घ्या, आणि मग सपाट, मोकळ्या जागी आणि नंतर एखाद्या रिकाम्या चढावर सराव करा. पुलावर पहिल्यांदा करू नका. बॅटरी पूर्ण उतरली तर हे बटण हलत नाही, हेही लक्षात असू द्या. आणि चढावर गर्दीत उभं असताना हाफ क्लचवर गाडी झुलवत ठेवायची आपल्याकडे फार सवय आहे. क्लचप्लेट जळते ती त्यानेच. थांबलात की ब्रेक लावा, पायांना विश्रांती द्या.

संध्याकाळी चहाच्या वेळी मी मुलीला पुलावरची सगळी हकिगत सांगितली. बाटलीसकट. त्या बाईंचं वाक्यही सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, ‘‘बाबा, तुमचा परवाना कधी संपतो?’’

या वयात परवान्याचं नूतनीकरण पाच वर्षांचं होतं आणि त्याला डॉक्टरांचा दाखला लागतो. चढाची परीक्षा मात्र कोणी पुन्हा घेत नाही. ती घ्यायची तर घरातच घ्यावी लागते, आणि आपल्याकडे वडिलांची परीक्षा घ्यायला मुलं धजत नाहीत. मग एक दिवस पुलावरची एखादी अनोळखी बाई ती घेते. त्या दिवशी बाटली गेली. बाटलीच्या जागी तो मुलगाही असू शकला असता, हा विचार मी तीन आठवडे रोज रात्री करत होतो.

आम्ही एक करार केला. नोंदवहीत नाही, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर, पण सही दोघांची. दर वर्षी जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आधी, तिने यायचं आणि मी तिला त्या चढावर अठरा वेळा गाडी चढवून दाखवायची. रात्री मी गाडी चालवायची नाही. आणि ज्या वर्षी ती म्हणेल त्या वर्षी किल्ली तिच्या हातात द्यायची, कारणं सांगायची नाहीत. ‘‘आणि तू म्हणालीस तरी मला पटलं नाही तर?’’ मी विचारलं. ती म्हणाली, ‘‘मग आधी तुम्हाला पटू द्यू. मग घेऊ.’’ मामांना तिने कधी पाहिलेलं नाही.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं बाजारात निघालो होतो. अंबाडीच्या पुलावर, माथ्याच्या अलीकडे, वाहतूक थांबली. आरशात पाहिलं. मागे स्कूटर होती, त्या बाई नव्हेत, दुसरंच कोणी. पण पुढे एक लहान मुलगी उभी होती, दोन्ही हातांनी आरशाची दांडी धरून. माझ्या तळव्यांना घाम आला. बटण ओढलं. पाय मोकळे सोडले. शेजारी ही वालाच्या शेंगांचा भाव सांगत होती.

पुढची बस हलली. मी गिअर टाकला, हात मांडीवर ठेवला, क्लच वर आणला. इंजिन जड झालं. नाक बोटभर उचललं गेलं. ‘घर्र’. गाडी पुढे निघाली. आरशात स्कूटर होती तेवढ्याच अंतरावर होती, मग जरा लांब गेली. ती मुलगी भलतीकडेच, रुळांवरून जाणाऱ्या लोकलकडे बघत होती.

ही म्हणाली, ‘‘अहो, ऐकताय ना? अर्धा किलोच घेऊ. सोलायला मलाच बसावं लागतं.’’

काय झालं हे हिला कळलंच नव्हतं. चढावर गाडी नीट उचलली की कोणालाच काही कळत नाही. मी म्हणालो, ‘‘एक किलो घे. मी सोलून देतो.’’